घर विकण्यापूर्वीचा खर्च : रास्त किती, व्यर्थ किती

उधना-जळगाव लोहमार्गाने ज्यांचे वाडवडील खानदेशातून सुरतेस आले व मागवर किंवा रंगाई-छपाईच्या गिरण्यांत कामास लागले, अशी पुष्कळ कुटुंबे आमच्या पांडेसऱ्यात आहेत. त्यांपैकी कित्येक आता जुने रो-हाऊस विकून कोणी वेसूकडे, तर कोणी थेट आपल्या गावी परत जाण्याच्या विचारात आहेत. तीस-चाळीस वर्षांच्या घामाचे जे काही शिल्लक पडले, ते बहुधा या एकाच घरात अडकलेले असते. म्हणून विक्री ठरताच घरोघर एकच प्रश्न उभा राहतो : घर आहे तसे विकावे, की आधी दोन पैसे खर्चून ते सजवावे? आमच्या पेढीवर हिशेब चुकता करावयास येणारी मंडळी जाता जाता हा प्रश्न विचारतात. आम्ही स्थापत्याचे जाणकार नव्हे. परंतु माल विकणे हा ज्याचा जन्माचा धंदा, त्यास याविषयी काही मत असणे स्वाभाविक आहे, आणि ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडण्यास हरकत नसावी.

धान्याच्या बाजारात चाळणीची मजुरी कधी वाया जात नाही. खडे-माती काढलेल्या तुरीवर कडता कमी बसतो. परंतु तूरडाळीस तेलाचा हात देऊन चकाकी आणली, तर जाणते गिऱ्हाईक खूश होण्याऐवजी साशंक होते. आणि ओल्या पोत्याच्या तोंडाशी कोरडे दाणे पसरून ठेवणाराची फजिती तर विचारूच नये. सळई आत गेली की त्या एका पोत्यापायी सबंध गाडीचा भाव उतरतो. घराचीही गत याहून निराळी नाही. गळकी गच्ची, पोपडे धरलेली भिंत, तुंबणारी मोरी, उघड्या पडलेल्या विजेच्या तारा, हे घरातले खडे होत. ते वेचून काढावेत. ओल तशीच ठेवून तिच्यावर रंग चढविणे म्हणजे मात्र ओले पोते झाकणे होय. त्यास आम्ही व्यापार म्हणत नाही.

आता पांडेसऱ्यात घर घेणारा कोण, हे पाहू. तो बहुधा कारखान्यातला मुकादम, लहान दुकानदार, किंवा खोल्या भाड्याने देऊन उत्पन्न धरू पाहणारा मनुष्य असतो. तो जमीन मोजतो, खोल्या मोजतो, पाण्याचा दाब पाहतो, वरच्या मजल्यास वेगळा जिना आहे की नाही ते विचारतो, आणि सन २००६ च्या ऑगस्टात तापीला महापूर आला तेव्हा या गल्लीत पाणी किती चढले होते, याची शेजाऱ्याकडे हळूच चौकशी करतो. तुमच्या नव्या संगमरवराकडे तो पाहतही नाही. त्याला जागोजाग भिंती फोडून आणखी दोन खोल्या काढावयाच्या असतात. जी फरशी तो उद्या उखडणार, तिचे पैसे तो आज का देईल?

हा अनुभव केवळ आमच्या गल्लीचा नाही. अमेरिकेत 'रिमॉडेलिंग' नावाचे मासिक घरदुरुस्तीचा खर्च विक्रीत किती वसूल होतो याचा तक्ता दरवर्षी छापीत असे. सन २०२४ च्या तक्त्यात स्वयंपाकघराच्या किरकोळ सुधारणेचे शेकडा सुमारे ९६ परत मिळाले, तर तेच स्वयंपाकघर उंची थाटाने नव्याने उभारले असता शेकडा अवघे ३८ च्या आसपास. तेथले घर निराळे, हवा निराळी, गिऱ्हाईक निराळे; पण माणसाचा हिशेब तोच.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ अमळनेरकडचे. गावी भावाजवळ परतून शेती पाहावी, असा त्यांचा बेत. ठेकेदाराने त्यांस नवी फरशी, लाकडी कपाटांचे स्वयंपाकघर व खोटे छत मिळून साडेचार लाखांचा अंदाज दिला, आणि घर सहा लाखांनी चढेल असे छातीठोकपणे सांगितले. रक्कम उभी करावयाची ती मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या दागिन्यांवर! आम्ही त्यांस एवढेच म्हटले, "भाऊ, सहा लाख चढेल असे घेणारा म्हणतो की काम करणारा?" त्यांनी दोन दलालांस निरनिराळे बोलावून, आहे त्या स्थितीतला भाव व सुधारल्यानंतरचा भाव असे दोन्ही विचारले. फरक निघाला तो खर्चाच्या निम्म्याइतकाही नव्हता. शिवाय तीन महिने वरच्या खोल्यांचे भाडे बुडाले असते, ते वेगळेच. अखेर गच्चीवर चायना मोझॅक, मोरीची दुरुस्ती व चुन्याचा एक हात, एवढ्यावर काम आटोपले. घर लगेच गेले असे नव्हे. चार-साडेचार महिने लागले. परंतु दागिने कपाटातच राहिले.

याउलट एक खर्च असा आहे की ज्यास लोक खर्चच समजत नाहीत, आणि तोच सर्वांत जास्त पिकतो. तो म्हणजे कागदपत्रांचा. वेराबिल मयत वडिलांच्या नावावर, बहिणींच्या हक्कसोडीचा पत्ता नाही, वरचा मजला विनापरवाना, अशा घरास बँक कर्ज देत नाही. मग रोख मोजणारे दोनचार जणच उरतात आणि ते भाव पाडून मागतात. गुजरात सरकारने सन २०२२ मध्ये विनापरवाना बांधकाम इम्पॅक्ट फी भरून नियमित करण्याचा कायदा केला व त्याची मुदत वेळोवेळी वाढविली. आपल्या बांधकामास तो लागू पडतो काय आणि अर्ज घेतले जात आहेत काय, हे महानगरपालिकेत जाऊन आधी विचारावे. नळाच्या नव्या तोट्या मागाहून.

"खर्च केला तर करात सुटेल," असेही कोणी सांगतात. हे अर्धसत्य आहे. घरात घातलेला भांडवली खर्च विक्रीच्या नफ्यातून वजा होतो खरा. पण त्याची बिले हवीत, आणि नुसती रंगसफेदी साधारणतः त्यात धरली जात नाही. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर शेकडा साडेबारा कर आहे; त्यापूर्वी घेतलेल्या घरास महागाईची वजावट घेऊन शेकडा वीसचा जुना मार्गही खुला ठेवला आहे. साडेबाराच्या हिशेबाने चार लाखांच्या खर्चावर फार तर पन्नास हजार वाचतील. उरलेले साडेतीन लाख गिऱ्हाइकाकडूनच यावयाचे असतात.

गळतीचे काम मात्र काढावयाचेच असेल तर ते वैशाखापूर्वी काढावे. पावसाच्या तोंडावर केलेला गिलावा सुरतेच्या हवेत वाळता वाळत नाही, आणि घर पाहावयास येणारा मनुष्य भिंतीस हात लावून पाहिल्यावाचून राहत नाही.