तेल काढण्याची तारीख

नेत्रशल्यचिकित्सेविषयी एका बालरोगतज्ज्ञाने लेखणी उचलावी, हा माझ्या नेत्रतज्ज्ञ मित्रांना आगाऊपणा वाटेल. तो आरोप पत्करून लिहीत आहे. कारण यात चूक माझी आहे.

खानापूर तालुक्यातील सात वर्षांचा एक मुलगा. विटी लागून त्याच्या उजव्या डोळ्याचे दृष्टिपटल सुटले. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात सिलिकॉन तेल भरले गेले आणि पटल पुन्हा जागेवर बसले. तेल काढण्यासाठी चार महिन्यांनी बोलावले होते. त्याच सुमारास भाताची कापणी आली; मुलाला दिसतही होते. जाणे राहून गेले. पुढील दीड वर्षात ताप-खोकल्यासाठी तो तीनदा माझ्याकडे आला. मी छाती तपासली, वजन पाहिले आणि ‘डोळा बरा आहे ना?’ एवढेच विचारले. चौथ्यांदा आला तेव्हा डोळा लाल होता, डोके दुखत होते, उलट्या होत होत्या. डोळ्यातील दाब वाढून ऑप्टिक नर्व्ह निकामी झाली होती. शस्त्रक्रियेने वाचलेली दृष्टी आमच्या विसराळूपणाने गेली.

अमेरिकेत सेंट लुईस येथे पॉल सिबिस यांनी सिलिकॉन तेलाचा हा उपयोग १९६२ साली जगासमोर मांडला. सुटलेल्या पटलाला आतून आधार देणे हे तेलाचे काम. हेच काम वायूही करतो. परंतु वायू काही आठवड्यांत आपोआप विरून जातो आणि तोवर रुग्णाला मान खाली घालून राहावे लागते. लहान मूल दिवसचे दिवस पालथे पडून राहील, ही अपेक्षाच व्यर्थ. म्हणून मुलांमध्ये शल्यविशारदांचा कल बहुधा तेलाकडे असतो, आणि तो योग्यच आहे.

मात्र तेल आपोआप विरत नाही. ते काढावे लागते. बहुधा तीन ते सहा महिन्यांत. अधिक काळ राहिल्यास त्याचे सूक्ष्म थेंब होतात, मोतीबिंदू होतो, दाब वाढतो, बुबुळाचा पारदर्शक पडदा गढूळ होऊ शकतो. काही डोळ्यांत, पटल पुन्हा सुटेल या भीतीने, तेल मुद्दाम ठेवले जाते. पण तो शल्यविशारदाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो आणि अशा डोळ्याचीही नियमित तपासणी होते. आमच्या मुलाच्या बाबतीत असा निर्णय कोणीच घेतला नव्हता.

माझे म्हणणे एवढेच, की ही तारीख लक्षात ठेवण्याची जबाबदारी केवळ दूरच्या शल्यविशारदावर टाकून चालणार नाही. ते मूल त्यांच्याकडे वर्षातून दोनदा जाईल. आपल्याकडे दर पावसाळ्यात येते. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते आणि आपल्या भागातील पालक मराठी किंवा कानडी वाचतात. तेव्हा अशा प्रत्येक मुलाच्या लसीकरण कार्डावर, पालकांना वाचता येईल अशा भाषेत, तांबड्या शाईने लिहावे : ‘डोळ्यात तेल आहे. काढण्याचा महिना अमुक.’ तो महिना उलटून गेलेला दिसला, तर त्याच दिवशी आपण शल्यविशारदांना दूरध्वनी करावा.

पाहण्यासाठी विजेरी पुरेशी आहे. पू बुबुळाच्या मागे तळाशी साचतो. तेल पाण्याहून हलके असल्याने त्याचे थेंब वरच्या बाजूला पांढुरकी कोर धरतात. ती दिसली तर थांबू नये. मूल डोकेदुखी आणि उलट्या सांगत असेल, तर पोटाचे औषध लिहून देण्याआधी डोळा पाहावा. चष्म्याचेही विसरू नये. तेलामुळे डोळ्याचा नंबर बदलतो आणि तेल काढल्यावर पुन्हा बदलतो. वाढत्या वयात योग्य चष्मा मिळाला नाही, तर पटल जागेवर असूनही डोळा आळशी होतो.

तो मुलगा आता दहावीत आहे. एका डोळ्याने उत्तम अभ्यास करतो. त्याच्या वडिलांनी मला कधी दोष दिला नाही. उलट ‘डॉक्टरसाहेब, आम्हीच गेलो नाही’ असे म्हणतात. त्यांचे ते वाक्य मला अधिक बोचते. त्यांना आठवण करून देणारे कोणी नव्हते, आणि तीनदा संधी मिळूनही मी ती केली नाही.