प्रांताचे बोलावणे आणि वाईची जमीन

बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी जागा सोडायला लावली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढे कारखाना न्यायचा कुठे, हा प्रश्न होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावले. कुंडल रोड हे तेव्हाचे आडबाजूचे स्टेशन. त्याच्या शेजारची 32 एकर जमीन त्यांनी दिली. जमीन म्हणजे निवडुंग, दगड आणि नाग. वर दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. 1910 मध्ये लक्ष्मणराव पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन तिथे आले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे याच औंधच्या हद्दीत, कराडजवळ ओगल्यांचा काचकारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील घरोघरी गेला. कुशल माणूस हेरायचा, ज्या भागात कोणी जात नाही तिथे त्याला जागा द्यायची आणि त्याच्याबरोबर आपणही जोखीम उचलायची, हा औंधचा व्यवहार होता.

आज वाई-साताऱ्यातल्या घरांत ‘पीएनपी’ (प्रोव्हिन्शियल नॉमिनी प्रोग्रॅम) हा शब्द रुळला आहे, तो वरवर पाहता याच जातीचा. कॅनडातला प्रांत आपल्याला हवे ते कामगार आणि उद्योजक स्वतः निवडतो, केंद्र सरकारकडे त्यांचे नाव पाठवतो आणि मग त्यांना कायम वास्तव्य, म्हणजे पीआर, मिळते. मॅनिटोबाने 1990च्या दशकाअखेरीस ही वाट पहिल्यांदा वापरली. कारण साधे होते. परदेशातून येणारा जो तो टोरंटो, व्हँकुव्हर, मॉन्ट्रियल गाठत होता आणि मॅनिटोबाच्या राजधानीत, विनिपेगच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात राहायला कोणी तयार नव्हते. 2015 पासून केंद्राच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’त प्रांताच्या नामनिर्देशनाला 600 गुण मिळतात. एवढे गुण पदरात पडले की पीआरचे बोलावणे जवळपास ठरलेलेच. एजंटच्या फलकावर झळकतात ते हेच 600 गुण.

फलकावर नसते ती दुसरी बाजू. वाईची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत सुमारे 36 हजार होती. मॅनिटोबातले मॉर्डन हे गाव जेमतेम दहा हजार वस्तीचे, तरी त्या गावाने माणसे निवडण्याचा स्वतःचा उपक्रम चालवला. अर्जदाराने स्वखर्चाने येऊन गाव पाहावे, मुलाखत द्यावी, इथेच राहणार हे पटवावे, अशी त्याची रीत. ही अट जाचक वाटेल, पण तीच प्रामाणिक आहे. तिथे जाऊन आलेल्या माणसाला उणे तीस अंशांत बसस्टॉपवर उभे राहणे काय असते, ते सही करण्याआधी कळते. घरबसल्या फाइल भरणाऱ्याला ते पीआर हातात पडल्यावर कळते आणि मग पहिल्या संधीला तो टोरंटोजवळचे ब्रॅम्प्टन गाठतो. कायदा त्याला अडवत नाही. कॅनडाच्या 1982च्या हक्कांच्या सनदेनुसार पीआरधारक कुठल्याही प्रांतात राहू शकतो. मात्र अर्ज करतानाच तिथे राहण्याचा इरादा नव्हता, हे सिद्ध झाले तर ती खोटी माहिती ठरते आणि पाच वर्षांची बंदी येऊ शकते. ‘आधी आत तर जाऊ’ असे सांगणारे एजंट हे सांगत नाहीत.

उद्योजकांची गोष्ट आणखी बोलकी आहे. मॅनिटोबाच्या उद्योजक योजनेत किमान पाच लाख कॅनेडियन डॉलरची मालमत्ता दाखवावी लागते, म्हणजे सुमारे तीन कोटी रुपये. त्यातून विनिपेगबाहेर दीड लाख डॉलरची, विनिपेग भागात अडीच लाख डॉलरची गुंतवणूक. आधी वर्क परमिट, धंदा चालवून दाखवायचा आणि नंतर नामनिर्देशन. प्रिन्स एडवर्ड आयलंड या छोट्या प्रांताने उलटे करून पाहिले होते. पीआर आधी आणि दोन लाख डॉलरची अनामत तारण. अनेकांनी पीआर घेतला, अनामत सोडून दिली आणि बेट सोडले. 2018 मध्ये योजना बंद झाली. मार्च 2025 मध्ये सस्कॅचवाननेही उद्योजक आणि शेतमालकांसाठीची आपली दारे कायमची लावून घेतली. पाहुणे चुकले हे खरेच, पण दोन लाखांच्या पावतीवर माणसे रुजतील असे मानणारा यजमानही शहाणा म्हणता येत नाही.

नोकरदारांचे तर सारे वेळापत्रकच राजकारणावर टांगलेले. 2024 मध्ये प्रांतांच्या नामनिर्देशनातून पीआर देण्याचे केंद्राचे लक्ष्य एक लाख दहा हजार होते, 2025 साठी ते एकदम 55 हजारांवर आणले गेले आणि 2026 साठी पुन्हा 91 हजार 500 वर नेले. प्रिन्स एडवर्ड आयलंडने 2024 मध्ये दुकाने-हॉटेलांतल्या कामगारांचा वाटा कापला आणि आरोग्यसेवा व बांधकामाला प्राधान्य दिले. तेव्हा बेटाच्या राजधानीत, शार्लटटाउनमध्ये उपोषणाला बसलेल्यांत बहुसंख्य भारतीय होते. काल गरज होती म्हणून त्यांना घेतले, आज गरज बदलली. प्रांताने त्यात स्वतःची एक एकर जमीनही पणाला लावलेली नव्हती, आणि औंधशी तुलना इथेच तुटते.

म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी केलेला करार जास्त लक्ष देण्यासारखा आहे. सुरुवातीला दहा हजार जण, त्यांत परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, आणि आधी जर्मन भाषा. दोन्ही बाजूंना सरकारे आहेत, त्यामुळे तक्रार घेऊन जायला एक दार तरी आहे. अर्थात घोषणा करणे सोपे, तालुक्याच्या गावात भाषेचा शिक्षक टिकवणे अवघड. त्याचा हिशेब वाई-कराडच्या पालकांनी सरकारकडे मागितलाच पाहिजे.

वाईला परक्या माणसांचे वावडे कधीच नव्हते. सरदार रास्ते कोकणातून आले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी खानदेशातल्या पिंपळनेरहून प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि विश्वकोशाचे काम इथेच उभे राहिले. परदेशातून गावी परतणाऱ्या इंजिनिअरच्या ‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रीकरणही शेजारच्या मेणवलीत झाले. गाडी प्रत्यक्षात उलट्या दिशेने भरून जाते, त्याला इलाज नाही. ज्याला जायचे त्याने जावे. पण पाचगणी रस्त्यालगतची जमीन उद्योजक योजनेच्या भरवशावर विकायला काढू नये, कारण ती योजना पुढच्या वर्षी असेलच याची हमी तो प्रांतही देत नाही. नोकरीच्या पत्राचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे, ती विक्री कॅनडात बेकायदा आहे. भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला 1983च्या कायद्यानुसार परवाना लागतो आणि तो ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येतो. कॅनडाच्या अधिकृत सल्लागारांची यादी त्यांच्या नियामक संस्थेकडे खुली असते. दोन्ही ठिकाणी नाव पाहायला एक रुपयाही लागत नाही.