मे महिन्यातही स्वेटर घ्याच

उन्हाळी सुट्टीत महाबळेश्वरला निघालेली माणसं बॅगेत नुसते पातळ कपडे कोंबतात, ते मला पटत नाही. वाई सोडून पसरणीचा घाट चढलो की हवा बदलते; महाबळेश्वर जवळजवळ 1,370 मीटर उंचीवर आहे. दुपारी सुती कपडे पुरतात, पण संध्याकाळी वेण्णा तलावाकाठी वारा सुटला की अंगावर काटा येतो. गेल्या मे महिन्यात वळवाच्या सरीत भिजून माझा नातू कुडकुडत होता, ओठ निळसर पडलेले; माझीच शाल त्याला गुंडाळली. पांढरी पँट तर नेऊच नका, तिथल्या तांबड्या मातीचा डाग सहजी निघत नाही. फोटोसाठीचे दोन जोड कमी करा, पण प्रत्येक मुलामागे एक स्वेटर आणि कोरडे मोजे ठेवाच.