टार्गेट, टेन्शन आणि संमोहन



गेल्या गणपतीत माझा भाचा आमच्याकडे धारवाडला आला होता. वय 29. हुबळीत एका खासगी बँकेत कर्ज विभागात काम करतो. पुढ्यात मोदकांचं ताट आणि हा मोबाइल पालथा घालून बसलेला. फोन नुसता थरथरला तरी दचकायचा. रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला, तेव्हा मी विचारलंच.

"मावशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजले की पोटात गोळा येतो," तो म्हणाला. "सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर एकेकाचे आकडे वाचतात. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाहीच. ऑफिसात सगळे सांगतात, 'टेन्शन तगोबेडा'. मी कुठे घेतोय? ते आपोआप येतंय."

मग त्याने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. संमोहनाच्या तीन ऑनलाइन बैठका, फी 18 हजार रुपये, ताण कायमचा संपणार. हा पैसे भरायच्या बेतात होता. मी म्हटलं, "अरे, डिमहान्स इथेच आहे की! तिथे का नाही दाखवत?" थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, "आई म्हणते, तिथे जाताना कुणी पाहिलं तर? लग्नाचं बघतोय अजून."

त्याच्या परवानगीनेच हे लिहितेय. तुमच्यापैकी कुणी बँकेत, कुणी कारखान्यात, कुणी घरूनच बंगळुरू-पुण्याच्या कंपनीत काम करतं. रविवार संध्याकाळचा तो गोळा अनेकांच्या ओळखीचा असेल. म्हणून या वेळी संमोहनाबद्दल बोलू या. ते कशाला उपयोगी पडतं आणि कशाला नाही, हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

संमोहन म्हटलं की आपल्याला स्टेजवरचा जादूगार आठवतो. तो टिचकी वाजवतो आणि समोरचा माणूस कोंबड्यासारखा आरवतो. कुणाला वशीकरण आठवतं. खऱ्या उपचाराचा याच्याशी संबंध नाही. 1841 मध्ये मँचेस्टरमध्ये जेम्स ब्रेड नावाच्या स्कॉटिश सर्जनने असाच एक जाहीर प्रयोग पाहिला. ही लबाडी असणार, असं समजून तो तपासायला लागला आणि त्यातून 1843 मध्ये त्याचं पुस्तक आलं. 'हिप्नॉटिझम' हा शब्द त्याच्यामुळेच रूढ झाला. त्याने तो झोपेच्या ग्रीक शब्दावरून घेतला होता. पुढे त्याच्या लक्षात आलं की ही झोप नाहीच, मन एकाच विचारावर पूर्ण एकवटलेलं असतं. त्याने नाव बदलायचा प्रयत्न केला, पण तोवर पहिलं नाव रुळलं होतं.

आपल्या देशाचाही या गोष्टीशी जुना संबंध आहे. 1845 मध्ये बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या डॉक्टरने रुग्णांना अशाच अवस्थेत नेऊन शस्त्रक्रिया केल्या. क्लोरोफॉर्म तेव्हा वापरात आलं नव्हतं. ते आल्यावर ही पद्धत मागे पडली.

तशी ही अवस्था आपण रोज थोडीफार अनुभवतो. चिगरी बसमध्ये मोबाइलवर मॅच बघताना आपला स्टॉप निघून जातो. पुस्तकात डोकं असताना गॅसवरचं दूध उतू जातं. कान उघडे असतात, पण लक्ष एकाच ठिकाणी असतं. संमोहनात हीच एकाग्रता ठरवून आणतात आणि त्या वेळी मनाला उपयोगी सूचना देतात. माणूस शुद्धीत असतो, नको असलेली सूचना नाकारू शकतो. सगळ्यांना ते सारखं जमत नाही. काही जण पटकन रमतात, काहींना फारसं काही होत नाही. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे श्याम मानव हेच स्वसंमोहनाच्या कार्यशाळाही घेत आले आहेत. म्हणजे यात दैवी काही नाही, शिकून घ्यायची गोष्ट आहे.

मग कामाच्या ताणावर याचा उपयोग होतो का? बर्लिनच्या डॉक्टरांनी 2017 मध्ये ताण आणि संमोहन यांवरच्या नऊ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांतल्या सहांमध्ये चांगला फरक दिसला, पण चाचण्या लहान आणि कच्च्या होत्या, म्हणून ठाम निष्कर्ष त्यांनी काढला नाही. चिंतेवर मात्र पुरावा जास्त बरा आहे. 2019 मध्ये अमेरिकेत 17 चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला. त्यात संमोहनाने चिंता कमी झाल्याचं दिसलं आणि दुसऱ्या मानसोपचाराला जोड म्हणून वापरलं तेव्हा गुण अधिक आला. ही जोडीची गोष्ट लक्षात ठेवा. 'तीन बैठकांत ताण कायमचा संपेल' असं यातला कुठलाच अभ्यास म्हणत नाही.

संमोहनाने शरीराचा भोंगा शांत होतो. फोन थरथरला की छाती धडधडणं, पोटात गोळा, आवळलेला जबडा, हे सगळं सैल पडायला मदत होते. पण टार्गेट कमी होत नाही, मॅनेजर बदलत नाही, रात्री दहाचे मेसेज थांबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तेव्हा तो आजार म्हटला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्याचा तो परिणाम आहे, असं म्हटलं. तेव्हा सगळा दोष आपल्या मनाला देऊन त्यालाच 'रिप्रोग्राम' करत बसू नका.

कुणाकडे जायचं, हे त्याहून महत्त्वाचं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर 2003 मध्ये संमोहनाला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली, पण नोंदणीकृत डॉक्टर किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच ती वापरावी, असं सांगून. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते. ती विचारायला संकोच करू नका. मागचा जन्म दाखवतो, चालू गोळ्या बंद करा, कायमची खात्री देतो, असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं. भास होत असतील, फिट्सचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नये. आणि मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे.

भाच्याला आम्ही अखेर एका सायकॉलॉजिस्ट बाईंकडे नेलं. माझी बहीणही आली, आधी कुरकुरत, मग स्वतःहून. बाईंनी तीन-चार वेळा नुसतं ऐकून घेतलं, झोपेची वेळ बांधून दिली आणि नंतर स्वसंमोहन शिकवलं. आधी तो अमेरिकन माणसाच्या आवाजातलं इंग्रजी रेकॉर्डिंग लावायचा, त्याने काही होत नव्हतं. बाई म्हणाल्या, "लहानपणी तुला ज्या भाषेत झोपवलं, त्या भाषेत बोल स्वतःशी." ते त्याला लागू पडलं.

त्याची रीत अशी. खुर्चीत पाय जमिनीला टेकवून बसायचं, समोरच्या एका ठिपक्याकडे बघत श्वास सावकाश सोडायचा. पापण्या जड झाल्या की डोळे मिटायचे. दहापासून एकपर्यंत मोजत कपाळ, जबडा, खांदे, पोट एकेक सैल सोडायचं. मग ओळखीची शांत जागा मनात आणायची. तो साधनकेरीच्या तळ्याकाठी जाऊन बसतो. तिथे अंगठा आणि तर्जनी हलकेच दाबून म्हणायचं, "फोन वाजला की मी आधी श्वास सोडतो, मग उचलतो." 'मला टेन्शन येणार नाही' असं म्हणायचं नाही, कारण मन नेमका टेन्शन हाच शब्द उचलतं. शेवटी एक ते पाच मोजून डोळे उघडायचे. सगळं मिळून 12 मिनिटं. गाडी चालवताना किंवा मशीनवर काम करताना मात्र कधीच नाही.

पहिले दोन आठवडे त्याला वाटलं, हा वेळेचा अपव्यय आहे. तिसऱ्या आठवड्यात मीटिंगआधी टेबलाखाली बोटं दाबली आणि श्वास आपोआप लांब झाला. आता झोप बहुतेक दिवशी पाचपर्यंत लागते. टार्गेट तेवढंच आहे. पण पूर्वी पहाटे तीनला राजीनामा लिहून सकाळी खोडणारा हा मुलगा परवा मॅनेजरशी शांतपणे बोलला की माझे आकडे चारचौघांत वाचू नका, मला बाजूला घेऊन सांगा. मॅनेजर 'बघू' म्हणाला. नाहीच जमलं, तर मार्चनंतर दुसरी नोकरी बघायची, असं घरात सगळ्यांनी बसून ठरवलंय. दिवसाउजेडी घेतलेला निर्णय आहे तो.

आणि लग्नाचं? एका ठिकाणी बोलणी चालू आहेत. उपचाराबद्दल त्याने मुलीला स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, "मला पण शिकव."

तर मंडळी, हा महिनाभर रविवारी संध्याकाळी 12 मिनिटं काढून बघा. आणि घरातल्या मोठ्यांनो, मुलं 'बरं वाटत नाही' म्हणाली तर 'कोण बघेल' हे आधी मनातून काढा. तुमचे अनुभव जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटूच.