जेटीवर मिटवलेला अपघात मिटत नाही

मच्छीमार बंधू-भगिनींनो आणि बोटमालकांनो,

31 जुलैला बंदी संपली की मालीम, कुटबण, वास्कोच्या जेट्यांवर परत लगबग सुरू होते. बर्फ, डिझेल, जाळी, रेशन, सगळ्याची यादी तयार असते. बोटीवर माणूस जखमी झाला तर काय करायचं, हे मात्र कोणाच्याच यादीत नसतं. विंचच्या वायरीत बोटं सापडतात, ओल्या डेकवर पाय घसरतो, रात्री खलाशी पाण्यात पडतो. मग जेटीवर चार माणसं जमतात आणि म्हणतात, "थोडे पैसे देऊया, मिटवून टाकूया."

आमचं मत स्पष्ट आहे. असं मिटवणं खलाशाच्या घराला बुडवतं आणि मालकालाही वाचवत नाही.

पहिली गोष्ट, "चूक त्याचीच होती" हे कायद्यात सहसा चालत नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला की भरपाईची जबाबदारी मालकाची. हे 1923 च्या कायद्यापासून चालत आलं आहे. आता हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये आला, तरी तत्त्व तेच. दारू पिऊन किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडून खलाशी जखमी झाला तर मालकाला बचाव आहे. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तोही नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. 1923 च्या कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे 30 वर्षांचा खलाशी गेला आणि वेतन महिना 15,000 धरलं, तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये होतात. जेटीवर हातात ठेवलेले पन्नास हजार कुठे आणि हे कुठे! शिवाय मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. परस्पर घरच्यांना दिलेली रक्कम, थोडी आगाऊ सोडली तर, भरपाई म्हणून धरली जात नाही. म्हणजे मालकाला परत भरावं लागू शकतं.

आपल्या बोटींवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातली पोरं आहेत. त्यांच्या घरच्यांना इथला कायदा माहीत नाही, भाषा येत नाही. म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही.

काही मालक म्हणतील, "धंदाच राहिला नाही, एवढे पैसे आणायचे कुठून?" प्रश्न खरा आहे. उत्तर विम्यात आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला 2.5 लाख आणि इस्पितळाच्या खर्चाला 25,000 रुपयांपर्यंत मिळतात. हप्ता सरकार भरतं. पण 5 लाख आणि साडेपंधरा लाख यात मोठी दरी आहे. ती भरायला मालकाने खलाशांच्या भरपाईची वेगळी पॉलिसी काढलीच पाहिजे. बोटीचा विमा काढतो, मग माणसाचा का नको?

म्हणून बोट पाण्यात घालण्यापूर्वी एवढं करा:

• प्रत्येक खलाशाचं नाव, गाव, वारसाचं नाव आणि फोन वहीत लिहा.
• पगार असो वा वाटा, दिलेल्या प्रत्येक रकमेवर सही घ्या. भरपाई त्यावरूनच ठरते.
• मत्स्य खात्यात विम्यासाठी नाव आहे का ते बघा.
• विंचला गार्ड लावा. लाईफ जॅकेट पेटीत नको, अंगावर हवं.
• समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाला 1554 वर कळवा.
• अपघात झाला तर पहिलं इस्पितळ, मग पोलीस, मग विमा. डॉक्टरला खरं कारण सांगा, "घरी पडला" म्हणू नका. त्या एका शब्दावर दावा जातो.

खलाशी बंधूंनो, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. हक्क सोडल्याचं लिहून घेतलं तरी कायद्यापुढे ते टिकत नाही.

मालक आणि खलाशी एकाच बोटीत बसतात. हिशेबही एकाच वहीत, उघडा असू दे.

ही पोस्ट आपल्या तांडेलांना आणि खलाशांना वाचून दाखवा.