गाईचा गुडघा, पोरीचा गुडघा

शिरवळमध्ये क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथली पदवी घ्यायला इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं लागतात, मगच गाईच्या गुडघ्यावर इलाज करता येतो. याच गावात नऊ वर्षांच्या पोरीला रोज संध्याकाळी फरशीवर गुडघे टेकून घसरायला शिकवायचं असेल, तर मात्र काहीच लागत नाही. एक ब्लूटूथ स्पीकर, एक मोठा आरसा आणि इन्स्टाग्रामवर बऱ्यापैकी फॉलोअर्स, झाला ‘कंटेम्पररी’चा क्लास सुरू.

माझं म्हणणं सरळ आहे. नाचता येणं आणि नाच शिकवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम आपण कुणालाच शिकवत नाही.

यात क्लास घेणारी पोरं खलनायक नाहीत. एमआयडीसीत शिफ्ट करून संध्याकाळी क्लास घेणारे दोघं मला माहीत आहेत. मेहनती आहेत, पोरांवर जीव लावतात. शिकलेत ते मोबाईलवर. पण मोबाईल फक्त आकार दाखवतो, तो आकार कसा घडला ते दाखवत नाही. मार्था ग्रॅहमच्या तंत्रातलं ‘कॉन्ट्रॅक्शन’ घ्या. ते श्वास सोडताना ओटीपोटातून सुरू होतं आणि मणक्यातून वर चढतं. व्हिडिओत दिसते ती वाकलेली पाठ. मग क्लासमध्ये वीस पोरं खांदे पाडून, पोक काढून उभी राहतात आणि सर म्हणतात, ‘फील आणा!’

पडण्याचंही तसंच. आधुनिक नृत्यात जमिनीवर पडणं हे शिकायचं तंत्र आहे. वजन मांडीच्या, कुल्ल्याच्या मांसल भागावर उतरवत जायचं, गुडघ्याच्या वाटीवर नाही. उडी मारून उतरताना आधी चवडा, मग टाच, आणि गुडघा पावलाच्या दिशेनंच वाकायला हवा. वाढीच्या वयात गुडघ्याखालचं हाड जिथे स्नायुबंध चिकटतो तिथे अजून कच्चं असतं. कडक फरशीवर रोज उड्या मारल्या की तिथेच दुखणं धरतं. माझी मामेबहीण सातवीत आहे. दोन महिने ती जिना उतरताना कठडा धरायची. तिच्या क्लासमध्ये सांगितलं गेलं, ‘दुखतंय म्हणजे बॉडी ओपन होतेय.’

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे नवख्याचा कोड दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय पुढे जात नाही, आणि तरीही बिघडलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते. गुडघ्याची आणता येत नाही.

‘पण कंटेम्पररी म्हणजे स्वातंत्र्य, त्याला कसला अभ्यासक्रम?’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय. इतिहास याच्या उलट आहे. झोहरा सेहगल जर्मनीत ड्रेस्डेनला मेरी विगमनच्या शाळेत तीन वर्षं शिकल्या आणि पुढे उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शिक्षिका झाल्या. त्याच केंद्रात शिकलेला गुरुदत्त १९४४ मध्ये पुण्यात प्रभात कंपनीत आला. ज्यांनी जुनी चौकट मोडली, ते आधी कुठेतरी नीट बसून शिकले होते.

आणि शास्त्रीय नृत्याचं बघा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय आपल्या मिरजेत आहे. कथक किंवा भरतनाट्यम शिकणाऱ्या पोरीसमोर प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत शिडी उभी आहे. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात पदवी घेता येते. शाळेत लेझीम शिकवणारे पी.टी.चे सरसुद्धा बी.पी.एड. करून येतात. कंटेम्पररी शिकवणाऱ्या पोराला साताऱ्या-सांगलीत यातलं काय आहे? याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, बंगळुरूत, अट्टक्कलरीसारख्या संस्थेनं डिप्लोमा चालवला. पण नोकरी सोडून तिथे राहणं शिफ्टवाल्याला कसं परवडणार?

मला परवाने आणि इन्स्पेक्टर नकोत. परवाना आला की एजंट येतो. मला हवा आहे शनिवार-रविवारचा, सहा महिन्यांचा, मराठीतला शिक्षक-वर्ग: शरीररचना, वाढीचं वय, वॉर्म-अपचा क्रम, उडी आणि पडणं, एखाद्या तंत्राची खरी ओळख, आणि जाणत्या माणसासमोर घेतलेले दहा तास. ललित कला केंद्रानं तो पुण्यात सुरू करावा, मंडळानं मिरजेत. शिरवळ दोन्हींच्या मधल्या वाटेवरच आहे.

तोवर पालकांनी फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. तुम्ही कुणाकडे शिकलात? फरशीवर काय अंथरता? पोरगी ‘दुखतंय’ म्हणाली तर काय करता? तिसऱ्या प्रश्नाला ‘सहन करायला शिकवतो’ असं उत्तर आलं, तर चपला घालून बाहेर पडा.