प्रकाश उलटा वळतो तेव्हा

पाण्याच्या पेल्यात पेन्सिल तिरकी बुडवली, की ती मोडल्यासारखी दिसते. एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना प्रकाशकिरण वळतो; यालाच वक्रीभवन म्हणतात. चष्म्याचे भिंगही याच गुणावर चालते.

पण किरण नेमका उलट्या बाजूला वळला तर? रशियन शास्त्रज्ञ व्हिक्टर व्हेसेलागो यांनी १९६७ साली हा विचार मांडला. तसा पदार्थ हाताशी नसल्याने तो बरीच वर्षे कागदावरच राहिला.

२००० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील जॉन पेंड्री यांनी त्याला नवे महत्त्व दिले. साधे भिंग कितीही उत्तम असले, तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक तपशील दाखवू शकत नाही. ते तपशील वाहणाऱ्या लहरी वस्तूजवळच विरून जातात. उलट्या वक्रीभवनाचा सपाट तुकडा त्या लहरींना पुन्हा बळ देऊन हुबेहूब प्रतिमा उमटवील, असे पेंड्री यांचे गणित सांगत होते.

२००१ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी तांब्याच्या कड्या व तारा रचून मायक्रोवेव्ह लहरी उलट्या वळवून दाखवल्या. पण पुढच्याच वर्षी वाद पेटला. असे वळायचे तर प्रकाशालाच प्रकाशाहून वेगाने धावावे लागेल, असा आक्षेप टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी घेतला. माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी बजावले, की प्रत्येक पदार्थ थोडा प्रकाश गिळतोच, मग परिपूर्ण भिंग होणार कसे?

पहिल्या आक्षेपाला पेंड्री व त्यांच्या सहकाऱ्याने उत्तर दिले: लहरींच्या पट्ट्या जिकडे कललेल्या दिसतात, तिकडेच ऊर्जा जाते असे नाही. २००३ साली नव्या प्रयोगांनीही उलट्या वक्रीभवनाला दुजोरा दिला.

दुसरा आक्षेप मात्र अंशतः खरा ठरला. पेंड्री यांनी चांदीचा पातळ थर सुचवला होता. बर्कले येथील संशोधकांनी २००५ साली त्यातून तरंगलांबीच्या सहाव्या भागाइतके बारीक तपशील टिपले. पण प्रतिमा परिपूर्ण नव्हती, आणि वस्तू थराला जवळजवळ चिकटूनच ठेवावी लागते. दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकात असे भिंग नुसते बसवून चालणार नाही.

परिपूर्ण भिंग हाती आले नाही. पण निम्म्या तरंगलांबीची लक्ष्मणरेषा ओलांडता येते, हे मात्र सिद्ध झाले.